हिरवा ठिपका

बुधवारचे दहा वाजले तरी ताइमीबाईंची कॉफी झालेली नव्हती. काल झाली नव्हती, परवाही नाही. पडद्यावर ओळीने तीन शून्यं होती आणि नावापुढे मात्र हिरवा ठिपका, म्हणजे सगळं ठीक.

सैलाने आकडे पुन्हा तपासले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कॉफीयंत्राला जोडायची ही डबी तिच्या कंपनीतल्या तिघांनी मिळून बनवली होती. नऊपर्यंत यंत्र सुरू झालं नाही की ठिपका लाल. सकाळी कॉफी नाही म्हणजे माणसाचं काहीतरी बिनसलंय, याबद्दल अख्ख्या औलू शहरात दुमत नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या ताइमीबाईंच्या स्वयंपाकघरात सैलानेच गुडघ्यांवर बसून डबी लावली होती आणि शब्द दिला होता, तुम्ही पडलात तर सकाळी नऊच्या ठोक्याला मला कळेल.

तिने शेजारच्या वेसाच्या कानांवरचे हेडफोन काढले आणि विचारलं. लाल होण्याची मुदत त्याने शुक्रवारीच चार दिवसांची करून टाकली होती. लोक उन्हाळी घरांवर जातात आणि उगाच लाल होतं, असं मालक यार्को जेवताना म्हणाला होता, एवढंच. बैठक नाही, टिपण नाही. या कंपनीत कामाची पद्धत म्हणाल तर ज्याच्या कानावर पडेल त्याने करून मोकळं व्हायचं. वर त्याचा तिघांना अभिमानही होता.

"मला सांगायचं नाही?"

"तू विचारलं नाहीस," वेसा म्हणाला.

सैलाने फोन लावला. सहा वेळा घंटा वाजली. सातव्या वेळी ताइमीबाईंनी उचलला. त्या ठणठणीत होत्या. डॉक्टरांनी कॉफी बंद केली होती आणि तसं त्यांनी रविवारीच यार्कोला कळवलं होतं. सैलाने विचारताच समोरच्या टेबलावरून यार्कोने मान हलवली. हो, आला होता फोन, सांगायचं राहून गेलं.

सैलाला आधी हायसं वाटलं आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने काही लपवलं नाही. तुम्ही सोमवारी खरंच पडला असतात, तर आम्हाला उद्या कळलं असतं, असं तिने सरळ सांगून टाकलं.

ताइमीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"किती जण आहात गं तुम्ही तिथे?"

"तिघं, आजी."

"एकाच खोलीत बसता?"

"हो."

"मग असं करू," ताइमीबाई म्हणाल्या, "उद्यापासून रोज सकाळी मीच फोन करत जाईन. कुणी काय बदललं ते मला सांगायचं. मी बाकीच्या दोघांना कळवेन."