फौजदारानं काढलेला माग

धुक्यात फौजदार एका झुडपापाशी थांबला, मागचा पाय वर केला आणि वळून मालकाकडे बघू लागला. घड्याळजीच्या बायकोला हसू आवरेना.

"अहो, सकाळी इथंच थांबला होतात ना? बघा, तुमचा सगळा पंचनामा चाललाय."

घड्याळजी हसला नाही. डोंगरावर धुकं असं उतरलं होतं, की स्वतःचं नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं लागे. खाली जायची पायवाट केव्हाच हरवली होती. भरवसा काय तो कुत्र्याच्या नाकाचा. त्या नाकाची कीर्ती मोठी. गल्लीच्या टोकाला कुणाचं दूध उतू गेलं, की फौजदार घरात शिंकायचा. एकदा हरवलेला मोजा शोधायला गेला, तो शेजाऱ्यांच्या जावयालाच ओढत घेऊन आला. मोजा जावयाच्या पायात होता. खोड एकच. मालकाचा माग काढताना जवळची वाट त्याला मंजूर नसे. सकाळी मालक जिथं जिथं भरकटला, तिथं तिथं हाही इमानेइतबारे भरकटून घ्यायचा.

मोठ्या खडकाला वळसा घालून फौजदार डावीकडे वळला.

"तिकडं नको," घड्याळजी म्हणाला. "इकडून चल. ओळखीची वाटतेय वाट."

"तुमची ओळख पुरे झाली. एकाच ओढ्यात दोनदा भिजवलंत मला."

"अगं, नको म्हणतोय ना!"

आवाज असा फाटला की ती दचकली. घड्याळजीचे हात थरथरायला लागले आणि त्यानं दुकानाचं शटर कायमचं ओढलं, तेव्हापासून हा माणूस घरात पाहुण्यासारखा वावरत होता. चढा आवाज सोडाच, चहासुद्धा मागून घेत नव्हता. आजचं फिरणं त्यानं आपणहून काढलं, तेव्हा तिला केवढं बरं वाटलं होतं.

ती कुत्र्यामागं गेली.

थोड्याच अंतरावर गवत संपलं. फौजदार बसला. त्याच्या पंजांपुढे जमीन नव्हती, नुसतं पांढरं धुकं. खूप खालून पाण्याचा आवाज येत होता. बाजूच्या सपाट दगडावर घडी घातलेला रुमाल होता, आणि रुमालावर घड्याळजीचं मनगटी घड्याळ. चालू होतं.

सकाळी ती पाय चोळत बसली असताना 'जरा पुढं बघून येतो' म्हणून तो एकटाच गेला होता. मग कुत्राही उठून त्याच्या मागं गेला होता.

घड्याळजी पाठीशी येऊन उभा राहिला. मनगटावर पट्ट्याचा पांढुरका वळ तेवढा दिसत होता.

"हे का काढून ठेवलंत?"

"फुटलं असतं," तो म्हणाला.

तिनं कड्याकडे पाहिलं नाही. त्याच्याकडेही नाही.

"मग?"

"हा आला. येऊन पायावरच बसला. उठेचना."

तिनं घड्याळ उचललं आणि त्याच्या मनगटाला बांधायला घेतलं. आता दोघांचेही हात थरथरत होते. बक्कलचा काटा काही केल्या भोकात जाईना. शेवटी गेला. फौजदार अंग झाडून उठला आणि जमीन हुंगत आल्या वाटेनं मागं फिरला. नेहमीप्रमाणे तिला पुढं जाऊ द्यायला घड्याळजी बाजूला सरला.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही मधे चला."