नाटकातली सासू

लेकाने लिहिलेलं नाटक बघायला सासूबाई सुनेला घेऊन पहिल्या रांगेत ऐटीत बसल्या. पडदा वर गेला आणि नाटकातल्या सासूने जिभेचा पट्टा सुरू केला. सुनेच्या माहेराचा उद्धार झाला, तिच्या हातच्या भाजीचा झाला, अख्खं थिएटर खो खो हसलं. सासूबाईंनी शेजारी बसलेल्या सुनेला कोपरखळी मारली, "हुबेहूब आमच्या थोरल्या जाऊबाई! अश्शीच कजाग." सून गालात हसली.

मग रंगमंचावर काळोख झाला, उजेड राहिला तो फक्त एका बंद दारावर. तीच सासू झाकलेलं ताट घेऊन आली. दारावर थाप मारायला तिने हात उचलला, तसाच धरला आणि खाली घेतला. तोंडातून एक शब्द नाही. ताट घेऊन ती आल्या पावली परत गेली. मघाशी हसणारं थिएटर चिडीचूप.

सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडण झालं की दुपारी सुनेच्या दाराशी त्या अशाच जायच्या. पण लेक तर तेव्हा कामावर असायचा, आणि घरात तिसरं माणूस नसायचं.

"हे त्याला कुणी सांगितलं गं?" त्या कशाबशा कुजबुजल्या.

"मी. दाराखालच्या फटीतून तुमची पावलं दिसायची."

"मग दार का नाही उघडलंस, मेले?"

सून समोरच बघत म्हणाली, "कडी मी काढूनच ठेवलेली असायची, आई."