मौनाचं जेवण

वसुधाने पहिला घास उचलला आणि ऑफिसातल्या तन्वीचा फोन आला.

चातुर्मासात मौनाने जेवायचं, हे वसुधाचं लग्नापासूनचं व्रत. पण कंपनीत वरच्या पदावर गेल्यापासून ती माइक बंद करून, मीटिंग ऐकत जेवायची आणि त्यालाच मौन म्हणायची. मधेच कुणीतरी काही विचारायचं, ती उत्तर द्यायची, की मोडलं व्रत! यंदा धीर करून तिने दुपारी एकपर्यंतचंच काम मागून घेतलं. साहेब म्हणाले होते, "महिनाभर बघू. तुमच्यावाचून अडलं, तर पुन्हा पूर्ण वेळ यावं लागेल."

आणि आज पहिलाच दिवस.

तिच्या सासऱ्यांनी, अप्पांनी, फोन स्पीकरवर घेतला. "ती जेवतेय. मौन आहे तिचं."

"आजोबा, इथे सगळी सिस्टिम बंद पडलीय हो!"

वसुधाचा हात ताटातच थबकला. अप्पांनी शांतपणे विचारलं, "मग तिने तुमच्यासाठी काही लिहून नाही का ठेवलं?"

"ठेवलंय की! थांबा, बघते."

ताकभातापर्यंत पुन्हा फोन. "झालं सुरू, आजोबा! त्यात सगळं होतं. मॅडमना म्हणावं, सावकाश जेवा."

वसुधाने भरल्या डोळ्यांनी रिकाम्या ताटाला हात जोडले. मौन सोडून ती पहिल्यांदा बोलली ते हेच, "अप्पा, आज चटणी काय सुरेख वाटलीत!"

"आज?" अप्पा हसले. "अगं, बारा वर्षं रोज हीच वाटतोय मी."