हरकाम्या

ताई काचेचं दार ढकलून आत आली, तेव्हा तिचा भाऊ सलूनच्या खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून पडला होता. न्हावी त्याच्या डोक्याची मालीश करत होता. ताईने ओठांवर बोट ठेवून न्हाव्याला खूण केली आणि भिंतीलगतच्या बाकावर बसली. भली मोठी बॅग तिने पायाशी ओढून घेतली. भावाचं घर याच इमारतीत, वर. तिथलं कुलूप बघून तिचा धीर सुटला होता. मग खाली काचेतून तो दिसला आणि तिच्या जिवात जीव आला. आता जरा गंमत करायला काय हरकत होती?

"तो बेटाचा गेम खेळता की नाही अजून?" न्हाव्याने विचारलं.

"गेम कसला, नोकरी आहे ती," भाऊ डोळे न उघडता म्हणाला. "संपतच नाही हो. जरा हात बसला की यांचा नवा सीझन. रोज हजेरी लावायची, रोज मासे पकडायचे. एक दिवस चुकला की सगळं मुसळ केरात. आणि पगार? तो उलट आपणच द्यायचा."

ताई हसू दाबत राहिली. तिने मोबाइल काढला, तोच गेम उघडला. बेटावर, नेहमीच्या धक्क्यावर, भावाचा टोपीवाला माणूस गळ टाकून बसलेला होता. खुर्चीतल्या भावाचे दोन्ही हात मात्र चादरीखाली होते.

"मग सोडून द्या की," न्हावी म्हणाला.

"सोडून कसं देऊ? ताई खेळते ना. म्हणून आता एआय लावून दिलाय. हरकाम्या आहे नुसता! हजेरी तोच लावतो, मासे तोच पकडतो. ताई काही बोलली तर उत्तरही तोच देतो. माझ्या जुन्या गप्पा दिल्यात त्याला वाचायला. अगदी माझ्यासारखा बोलतो."

न्हाव्याचे हात थांबले. त्याने आरशातून बाकाकडे पाहिलं आणि घाईघाईने विषय बदलला. "मी एकदा विचारलं होतं त्या एआयला. म्हटलं, समोर नवीन सलून आलंय, माझं गिऱ्हाईक तुटतंय, काय करू? तर म्हणाला, तुमची काळजी अगदी समजण्यासारखी आहे. बायको एवढी गोड बोलली असती तर मी घाबरलो असतो."

भाऊ खदखदून हसला. "पण ताईला तेच आवडतं ना! परवा फोनवर काय म्हणाली माहितीये? हल्ली तू माझं नीट ऐकून घेतोस."

"काय बोलतात त्या?" न्हाव्याला विचारायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं.

"कोण वाचत बसतंय? असेल सासरचं रडगाणं."

ताईने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. मग पुन्हा सुलटा केला. नवरा तिचे फोन तपासायचा, मेसेज वाचायचा. गेमला तेवढा हात लावायचा नाही, पोरखेळ म्हणायचा. म्हणून तर ती सगळं तिथे बोलली होती, त्या धक्क्यावर बसून. फोनवर जे कधी सांगता आलं नाही, दंडावरचे वळसुद्धा. आणि काल रात्री उत्तर आलं होतं, 'ये ताई. मागचा विचार करू नकोस. मी आहे.' सकाळी ती त्या घराची किल्ली आतल्या टेबलावर ठेवून, दार ओढून घेऊन निघाली होती. ते दार आता तिला बाहेरून उघडणार नव्हतं.

तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. संताप आला. त्या यंत्रावर नाही. त्याने बिचाऱ्याने प्रत्येक शब्द वाचला होता.

तिने टाइप केलं, 'पोचले.'

आरशाखालच्या फळीवर भावाचा मोबाइल उजळला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. बेटावरच्या टोपीवाल्याने गळ खाली ठेवला, वळला आणि हात हलवला. 'बरं वाटलं, ताई. घाबरू नकोस. दार उघडंच आहे.'

"झालं, साहेब," न्हावी अगदी हळू म्हणाला आणि चादर काढून बाजूला झाला.

भावाने डोळे उघडले. आरशात आधी स्वतःचे केस पाहिले, मग मागे बाकावर ती दिसली. तो ताडकन उठला. चेहऱ्यावर आनंद होता, खराखुरा आनंद. तेच तिला सहन होईना.

"ताई! अगं, तू कधी आलीस? काही कळवलं नाहीस ते!" मग त्याची नजर तिच्या पायाशी गेली. "आणि एवढी मोठी बॅग कसली?"

ताई उठली. बॅगेचा पट्टा तिने खांद्यावर घेतला.

"तुझ्या हरकाम्याला विचार," ती म्हणाली. "त्याला सगळं माहीत आहे."