तिप्पट मालाचं मशीन

"जरा उचला अजून... हां, बस!" गजेंद्र ओरडला आणि नवं मशीन पायरी चढून रक्ततपासणीच्या लॅबच्या दारात सरकलं. दोघा हमालांनी घाम पुसला. जुनं, छोटं मशीन बाहेर टेम्पोशेजारी उभं होतं. गजेंद्र जाम खुशीत होता.

बडोद्यात ठिकठिकाणी त्याची पैसे टाकले की वेफर्स-बिस्किटांचं पाकीट देणारी मशिनं होती. सुभानपुऱ्यात राहून तो एकटाच सगळी सांभाळायचा. धंदा टिकवायचा तर पेट्रोल वाचवायला हवं, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मशीनमधली एखादी रांग संपली की त्याच्या फोनवर लाल ठिपका यायचा. ठिपका आला तरच तो घराबाहेर पडायचा. फुकट फेरीला इथे धक्का म्हणतात, आणि धक्का खाणं त्याला बिलकूल मंजूर नव्हतं. ठिपक्याची ही युक्ती त्याने वडिलांनाही मोठ्या कौतुकाने समजावून सांगितली होती.

दांडिया बाजारातलं हे मशीन मात्र त्याला फार पळवायचं. आठवड्यातून दोनदा तरी लाल! उपाशीपोटी रक्त देऊन बाहेर पडणारी माणसं बिस्किटांवर तुटून पडत असणार, असा त्याचा अंदाज. म्हणून हे नवं आणलं, तिप्पट माल मावणारं.

वडिलांचं घर लॅबच्या समोरच. मशीन भरून झालं की तिथे चहा घ्यायचा आणि पुढे निघायचं. पिलाजीराव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. बायको गेल्यापासून एकटे. मुलाने "आमच्याकडे चला" म्हटलं, पण त्यांचा पाय दांडिया बाजारातून निघेना. भिंती अंगावर येत होत्या त्यांच्या. पण "ये रे भेटायला" असं तोंडातून काढतील तर ते पिलाजीराव कसले! फोनवर एकच पालुपद. "काम असेल तर ये. उगाच पेट्रोल जाळू नकोस." आणि मुलगा इतका आज्ञाधारक, की त्याने ते अक्षरशः पाळलं.

आजही गजेंद्र जिना चढून आला तेव्हा चहा उकळत होता. पिलाजीरावांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. नातीची, भक्तीची चौकशी झाली. खालच्या येसूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगून झालं. मग नळाला येणाऱ्या गढूळ पाण्याचं सुरू झालं. साठवून ठेवलेलं सगळं ते भराभर बोलत होते, आणि गजेंद्रचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं.

"बाबा, एकदम सरस काम झालं बघा," तो मधेच म्हणाला. "आता दहा-दहा दिवस इकडे फिरकायला नको. धक्क्यांची झंझटच गेली!"

पिलाजीरावांची बशी ओठांपाशी थांबली. त्यांनी ती हळूच खाली ठेवली.

"छान," ते म्हणाले. "पेट्रोल वाचेल."

गढूळ पाण्याची गोष्ट अर्धीच राहिली. गजेंद्रने कप विसळून ठेवला, पाया पडला आणि निघाला.

एरवी पिलाजीराव खिडकीतून हात हलवायचे. आज ते कठडा धरत, एकेक पायरी उतरत त्याच्या मागोमाग रस्त्यावर आले. चप्पल घालायचंही भान नव्हतं. हमाल जुन्या मशीनला दोर बांधत होते. पिलाजीरावांनी पुढे होऊन त्या दोरावर हात ठेवला.

"गजू, हेच राहू दे ना रे इथे."

"का हो बाबा? नवं काय वाईट आहे?"

पिलाजीरावांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. त्यांची मान आपोआप खाली गेली. मुलाकडे न बघता ते कसेबसे म्हणाले,

"एवढं मोठं माझ्याच्यानं रिकामं व्हायचं नाही रे."