वेगळी कळशी

पाचव्या खड्ड्यातली मातीही निळीच निघाली. सोमाने ती नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि पिशवीत भरली. बिरवाडीजवळचा हा रंगाचा कारखाना बंद पडून तीन वर्षं झाली, तरी रंग काही जमिनीतून जायला तयार नव्हता.

इथे आता कामगारांची चाळ उठायची होती, साठ बिऱ्हाडांची. माती काय, खणून नवी भर टाकता येते. खरा प्रश्न पाण्याचा. कुंपणाला लागून एकच विहीर, ठकूबाईच्या परसातली, आणि चाळीसाठी सरकारी खात्याने तीच धरली होती. पाणी चांगलं तर चाळ, नाहीतर नाही. ते ठरायचं होतं सोमाच्या सहीवर.

ठकूबाई एकटीच राहायची. नवरा गेलेला, मुलं मुंबईला, शेजारपाजार कारखान्याने जमिनी घेतल्या तेव्हाच उठून गेलेला. सोमाचं तरी काय वेगळं होतं? बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून महाडच्या खोलीत त्याचा संसार म्हणजे एक स्टोव्ह आणि एक ताट. कारखान्यांच्या फाटकावर त्याला पाहिलं की वॉचमन दुसरीकडे बघायचे. पाणी तपासणारा माणूस कुणाला हवा असतो?

पहिल्या सोमवारी म्हातारी अंगणात वाल निवडत बसली होती. कुठले, कुणाचे, असं तिने विचारलं. सोमा कधी लपवत नसे. तुडीलचा, बौद्धवाडीतला, असं त्याने सांगितलं. "बरं," म्हणून ती सुपात बोटं फिरवत राहिली. तो विहिरीच्या दोराकडे वळला मात्र, ती झटकन उठली.

"हिरीला हात नका लावू, साहेब. काय पायजे ते मी देते."

सोमाची कानशिलं तापली. त्याचा बाप सत्तावीस साली चवदार तळ्यावर ओंजळ भरून प्यायला होता, आणि लेक सरकारी ओळखपत्र खिशात घेऊन इथे चोरासारखा उभा. भांडावं असं फार वाटलं. पण सत्तरीच्या एकट्या बाईशी भांडायचं तरी काय! "पाणी पाहिजे. दोन बाटल्या," एवढंच तो बोलला. कशाला पाहिजे, ते सांगायचीही इच्छा उरली नव्हती. बाटल्या घेऊन ती मागच्या दारी गेली आणि बऱ्याच वेळाने भरून घेऊन आली.

मग तिने त्याला ओट्यावर बसवलं. लखलखीत तांब्याच्या कळशीतून त्याला पाणी दिलं, आणि स्वतः कोपऱ्यातल्या माठातलं प्यायली. त्याचं भांडं वेगळं, तिचं वेगळं. समजायचं ते सोमाला समजलं.

नियम असा की नमुना स्वतः उपसायचा. 'स्वतः उपसला' असं त्याने फॉर्मवर लिहून टाकलं. खरं कारण तो कुठल्या रकान्यात भरणार होता?

तरीही तो दर सोमवारी जात राहिला. राग यायचा, आणि रविवारपासून वाटही बघायचा. आदल्या सोमवारी ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या भरून, ओल्या फडक्यात गुंडाळून तयार असत. ती तांदळाची भाकरी वाढायची, मुलांची जुनी पत्रं त्याच्याकडून वाचून घ्यायची, खोकत खोकत तेच विचारायची, इथं माणसं येणार म्हणतात, ते खरं काय. तो म्हणायचा, बघू.

"येऊ देत. कुणाचं पोर रडलं तरी घर वाटतं."

परसातला पडवळाचा वेल वाळून गेला होता. तिच्या हातांची सालं निघालेली. भांडी घासून झालं असेल, असं सोमाला वाटायचं. आपल्याला वेगळ्या भांड्यातून पाजणाऱ्या बाईची भाकरी इतकी गोड का लागते, हे मात्र त्याला कळत नव्हतं. स्वतःचीच लाज वाटायची.

बाटल्यांचे अहवाल आले. सगळे स्वच्छ. माती निळी आणि पन्नास पावलांवरचं पाणी निर्मळ, म्हणून वरच्या साहेबांनाही नवल वाटलं. सोमाने डोकं लढवलं. मधे काळ्या कातळाचा पट्टा असणार, त्यानेच झिरप अडवली असणार. साहेबांना ते पटलं. 'विहिरीचे पाणी पिण्यास योग्य,' असं लिहून सोमाने खाली सही केली.

शिमग्याच्या आधी जोती उठली. गवंडीकाम करणाऱ्यांची आठ बिऱ्हाडं कुंपणालगत झोपड्या बांधून राहायलाही आली. आता बाटल्यांची गरज नव्हती, तरी सोमवार आला तसा सोमाने एस.टी. पकडली.

विहिरीवर बायकांच्या घागरी रांगेत लागल्या होत्या, आणि ठकूबाई दोर धरून त्यांना अडवत होती. "नका गो भरू," असं तिचं चाललं होतं. बायका हसत होत्या. सोमाचं डोकं सणकलं. आपण गिळलं ते गिळलं, पण या गरिबांनी का गिळावं? त्याने पुढे होऊन दोर तिच्या हातातून सोडवला.

"भरा खुशाल," तो बायकांना म्हणाला. "पाणी चांगलं आहे. मी सरकारचा माणूस. मीच तपासलंय."

घागरी भरल्या, बायका गेल्या. एकीचं पोर तिथेच ओंजळीने पाणी प्यायलं. ठकूबाई सोमाकडे बघतच राहिली. मग इतके महिने घशात अडकलेलं त्याने विचारलं.

"आजी, माझी कळशी वेगळी का हो ठेवलीत?"

ठकूबाईने सोललेले दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले.

"ह्या हिरीच्या पाण्यानं झालंय हे, साहेब. मला मेलीला दोन कळश्या डोंगरावरनं उतरवत नाय, म्हणून मी हिरीचंच पिते. पर दारी आलेल्या माणसाला कसं पाजू? तुमची कळशी, अन् त्या बाटल्या, दर सोमवारी झऱ्यावर जाऊन भरून आणत व्हते मी."