मोरीवरची वांगी

शेजारच्या निलोफरच्या फाटकातच सुरेखानं पदर नाकाला लावला. वास कसलाच येत नव्हता, पण तात्यासाहेबांना दिसावं म्हणून लावला. तात्यासाहेब कॉलनीचे अध्यक्ष. त्यांचा चहा अर्धा ठेवायला लावून तिनं त्यांना इथं आणलं होतं. आज ही घाण कायमची बंद करायची, असं ठरवूनच ती आली होती.

"बघा," ती म्हणाली. "हिला म्हणे बाग म्हणायचं."

होतं काय त्या बागेत? फुटक्या फरशीचे तुकडे, खडी, नारळाच्या शेंड्या, गळ्यापर्यंत भुईत पुरलेले माठ. भंगारवाल्याच्या दारातही याहून बरं दिसतं, असं सुरेखाला वाटलं. आणि त्याच भंगारात कर्दळ डोक्याइतकी उंच वाढलेली, शेवगा शेंगांनी लोंबलेला, वांगी तुकतुकीत. भर मे महिन्यात! शहराच्या कडेच्या या सातारा परिसरातली माणसं टँकरमागं बादल्या घेऊन पळत होती, आणि हिची वांगी बघा.

सुरेखा कन्नड तालुक्यातली. माहेरी उसाला पाटानं पाणी सुटायचं. पाणी जपून वापरणं म्हणजे तिच्या लेखी दरिद्रीपणा. घर बांधलं तेव्हा तिनं पुढं लॉन करून घेतलं, फवारे बसवले, गावाकडच्या पाहुण्यांना त्यावर अनवाणी चालवलं. यंदा मात्र टँकरवर टँकर ओतूनही त्या लॉनचं पायपुसणं झालं. संध्याकाळी फिरायला निघालेले लोक तिच्या दारावरून मान खाली घालून जायचे आणि निलोफरच्या फाटकाशी घोळक्यानं थांबायचे. बाग हा खानदानी माणसांचा शौक. तो आता गुलमंडीच्या बाजारात कापड फाडणाऱ्याच्या बायकोकडून शिकायचा?

निलोफर मोरीच्या पाण्यावर झाडं वाढवते हे कळलं, तेव्हा कुठं सुरेखाच्या जिवाला थंडावा मिळाला. निलोफर अधूनमधून वांगी पाठवायची, कढीपत्ता पाठवायची. सुरेखा ताटाला बोटही न लावता ते कामवाल्या दगडाबाईकडं सरकवायची. "ने बाई. मोरीवरची वांगी तुमच्यात चालत असतील." दगडाबाई खुशाल न्यायची. सुरेखाला तिचीही कीव यायची.

तात्यासाहेब वाकून वाफे बघत होते. "पाणी तर कुठं दिसंना," ते म्हणाले.

"वर येऊच देत नाय," निलोफर म्हणाली. तिनं ओढणी खांद्यावर सारखी केली. "आधी खडी-कोळशाच्या खड्ड्यात पडतं. तिथून कर्दळीच्या मुळाशी. मग पाचटाखालच्या चरातून वांग्याला, शेवग्याला. डास धरायला वर थेंब राहत नाय. पालेभाजीला मात्र हे देत नाय. तिच्यासाठी हे माठ, त्यात चांगलं पाणी झिरपत राहतं."

तात्यासाहेबांनी पाचट बाजूला सारून माती चिमटीत घेतली, हुंगली. "चांगली माती आहे की."

सुरेखाचं डोकं फिरलं.

"दिसत नाही म्हणजे शुद्ध झालं व्हय, तात्यासाहेब? लोकांची खरकटी धुतलेलं पाणी ते! ज्यांची रीतभात आपल्याला ठाऊक नाही, काय शिजतं ते ठाऊक नाही, त्यांच्या मोरीचं. कॉलनीत असले धंदे चालायचे नाहीत. आपण अशा घरातले नाही."

तात्यासाहेब उगाच खाकरले.  निलोफर दोन घरांमधल्या भिंतीशी गेली, खाली बसली आणि कोपऱ्यातली फरशी तिनं दोन्ही हातांनी उचलली.

खाली पाइप होता. तो निलोफरच्या न्हाणीकडून आलेला नव्हता. तो भिंतीखालून आला होता, पलीकडून.

"आम्ही दोघंच माणसं," निलोफर तात्यासाहेबांना म्हणाली. "आमचं धुण्याचं पाणी फरशी पुसण्यात आणि संडासात संपतं. त्यावर कुठली बाग होणार?"

तेवढ्यात पाइपातून फेस आला. मागोमाग भाताची शितं आली, पोह्यांतले शेंगदाणे आले आणि तोंडाशी बांधलेल्या जाळीत अडकले. आज सुरेखाच्याच घरी पोहे झाले होते. भिंतीपलीकडं दगडाबाई भांडी आपटत होती. मग आवाज थांबला, ती बहुतेक ताटं आत ठेवायला गेली. पाणी मात्र थांबलं नाही. पाइप भरभरून वाहतच राहिला.

तात्यासाहेबांनी एकदा पाइपाकडं पाहिलं, एकदा सुरेखाकडं. त्यांच्या मिशीखाली हसू हललं. सुरेखाच्या कानशिलांना आग लागली. नाकावरचा पदर काढावा की ठेवावा, हे तिला कळेना.

"आमचं पाणी!" ती ओरडली. "न विचारता आमच्या पाण्यावर मजा मारता व्हय? आजपासून बंद! दगडाबाईला नळ सोडूच देत नाही. एक थेंब यायचा नाही तुमच्याकडं. बघते मग कशी जगते ही बाग."

निलोफरनं फरशी जागेवर ठेवली. हात झटकत ती उठली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि सुरेखाला तेच जास्त झोंबलं.

"लई बरं होईल, ताई. आम्ही इथं राहायला आलो तेव्हापासून तुमचं पाणी उतारानं आमच्या अंगणात तुंबायचं. नळ जरा आवरा, एवढंच सांगायला मी किती वेळा तुमच्या दारात येऊन उभी राहिले. तुम्ही फाटक उघडलं नाही, म्हणून ही बाग लावावी लागली."